योगराजभाऊंचा डावा कान

योगराजभाऊ कुठलीही वस्तू विकत घ्यायच्या आधी तळहातावर घेऊन तोलून बघतात. टरबूज, कुलूप, इस्त्री, नातवाचा खेळण्यातला ट्रॅक्टर, काहीही असो. लाउडस्पीकरच्या धंद्यातली ही सवय आहे. त्यांच्या उमेदीच्या काळात अँप्लिफायर घ्यायला गेलं की दुकानदार काय सांगतो ते कुणी ऐकत नसे. सरळ उचलून बघायचा. जड लागला म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर भरपूर तांब्याचा, माल चोख. हलका लागला की परत ठेवायचा, दुकानदाराचा चहा प्यायचा आणि बाहेर पडायचं. अशा हिशेबाने घेतलेल्या वस्तूंनी भाऊंना कधी दगा दिला नाही. म्हणून पहिल्यांदा दगा बसला तेव्हा त्यांना वाटलं, वस्तूत काही खोट नाही, खोट आपल्यातच आहे.

धंदा ते धुळ्यात शिकले, जीवराम नानांच्या हाताखाली. देवपुरातले जीवराम नाना म्हणजे त्या काळी लग्न, सप्ताह, सभा, कुस्त्या, सगळीकडचा आवाज. मांडवात ओरडून काही ऐकू जात नाही म्हणून नानांनी हाताच्या खुणा ठरवून दिल्या होत्या. बोट वर केलं म्हणजे वाढव. बोट खाली म्हणजे उतरव. आणि तळवा आडवा धरला म्हणजे बस, आता हात लावू नको. या तीन खुणांवर दोघांनी कितीतरी लग्नं पार पाडली. आवाज बिघडला की काय करायचं हेही नानांनीच शिकवलं: आधी वायरी अदलाबदल करून बघ. डावीकडची उजवीकडे लाव, उजवीकडची डावीकडे. खोट कुठे जाते बघ, मग तोंड उघड. भाऊंनी पुढे पिंप्राळ्याला येऊन स्वतःचा धंदा टाकला तेव्हा आपल्या प्रत्येक माणसाला त्यांनी हेच घोकून घेतलं.

नानांचं एक दुखणं मात्र शिकवण्यासारखं नव्हतं. त्यांच्या टेबलाच्या डाव्या अंगाला नेहमी कर्णा असायचा. आयुष्यभर तो एकाच कानात ओरडत राहिला. आधी डावा कान गेला, मग हळूहळू उजव्यानेही अंग काढून घेतलं. धुळ्यातला सर्वांत गप्पिष्ट माणूस गप्प झाला. आता कुणी भेटायला गेलं की नाना गोड हसायचे आणि मान डोलवायचे. अडचण एवढीच की चुकीच्या जागी डोलवायचे. एकदा कुणीतरी बहीण वारल्याचं सांगत होतं आणि नाना "वा, वा" करत होते. योगराजभाऊ तिथेच बसलेले होते. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक भीती घर करून बसली होती, आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

तर धंदा आता बंद आहे. बहुतेक सामान त्यांनी विकून टाकलं, फक्त एक छोटा मिक्सर, स्पीकरच्या दोन पेट्या आणि माईक ठेवून घेतले, ते कानबाईसाठी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी गल्लीत कानबाई, आमच्याकडची देवी, बसते आणि लताबाई, म्हणजे भाऊंची बायको, तिथल्या गाण्यांची म्होरकी. बायको गाणार आणि नवरा आवाज लावणार, असं लग्नापासून चाललेलं. ढोलकीच्या वर बाईमाणसाचा गळा कसा उचलून धरायचा हे भाऊंना जमतं. दुसऱ्या कुणी लावलं की ढोलकीच ऐकू येते आणि बायका नुसती तोंडं हलवताना दिसतात.

या गाण्यांच्या भाऊंकडे ढीगभर कॅसेटी होत्या. दरवर्षीची कानबाई त्यांनी भरून ठेवलेली. पुण्याला असलेली त्यांची मुलगी हेमांगी दिवाळीला आली तेव्हा त्या कॅसेटी घेऊन गेली, सगळ्या फोनात बसतील अशा करून आणल्या, आणि वडिलांना नवा फोनही दिला. फोन देखणा होता, पण त्याला इअरफोनची पिन घालायचं भोकच नव्हतं.

"भोक कुठंय?" भाऊंनी फोन चारही बाजूंनी फिरवून विचारलं.

"पप्पा, आता नसतं. चार्जिंगच्याच भोकात सगळं."

भाऊंनी बाजारातून एक वायर आणली, तिच्या एका टोकाला चार्जिंगची पिन, दुसऱ्या टोकाला जुनं भोक. आवाज आला, पण कसा? सर्दी झालेल्या माणसाने उशीत तोंड खुपसून गावं तसा. लताबाईंचा तरुणपणीचा गळा, तो असा ऐकायचा? भाऊंनी हेमांगीला फोन लावला. ती म्हणाली, फोनमध्ये गाणं नुसतं आकड्यांचं असतं. त्याचा पुन्हा आवाज करायला एक कन्व्हर्टर लागतो, आणि तो आवाज कानापर्यंत ढकलायला अँप्लिफायर. दोन्ही एकाच छोट्या वस्तूत मिळतात. तुमच्या इअरफोनला बारीकशी पुरेल.

कन्व्हर्टरचं भाऊंनी ऐकून घेतलं. अँप्लिफायर म्हटल्यावर मात्र ते सरसावून बसले. अँप्लिफायर निवडायचं त्यांना काल आलेल्या पोरीने शिकवायचं?

दुसऱ्या दिवशी ते स्कूटर काढून गावातल्या मार्केटला गेले. हितेंद्रच्या वडिलांकडून ते पूर्वी माईकच्या वायरी घ्यायचे. आता दुकान हितेंद्र चालवतो आणि त्यात नुसते इअरफोन, हेडफोन आणि असल्याच चिजा असतात. त्याने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. एक बोटाएवढी, तिला आखूड शेपटी. दुसरी काडेपेटीएवढी, फोनच्या पाठीला चिकटून बसणारी. तिसरी चांगली पानाच्या डब्याएवढी, स्वतःची बॅटरी असलेली, आणि तिला वर आवाजाचं गोल बटण, खरंखुरं, फिरवायचं.

"काका, तुमचे इअरफोन कुठले आहेत?" हितेंद्रने विचारलं आणि बघून म्हणाला, "हे अगदी थोड्या ताकदीवर वाजतात. यांना ही बोटाएवढी बास. मोठा डबा मोठ्या हेडफोनसाठी असतो, त्यांना ओढायला ताकद लागते."

भाऊंनी बोटाएवढी वस्तू तळहातावर ठेवली. वजन असं काही नव्हतंच. त्यांना थोडा अपमान वाटला. मग डबा घेतला. हात जरा खाली गेला. भाऊंच्या चेहऱ्यावर जुन्या मित्राची गाठ पडावी तसं हसू आलं. त्यांनी बटण फिरवून पाहिलं. ते लोण्यात फिरावं तसं फिरलं.

"ताकद हाताशी असावी," ते म्हणाले. "वापरायची का नाही ते आपल्याकडे."

"काका, पण जास्त ताकदीचा इथे उपयोग..."

"हितेंद्र, तू रांगत होतास तेव्हापासून मी अँप्लिफायर उचलतोय."

हितेंद्रने डबा बांधून दिला. निघताना एवढंच सांगितलं की फोनचा आवाज पूर्ण ठेवा आणि काय कमी-जास्त करायचं ते डब्यावरून करा. तेही भाऊंना पटलं, मिक्सरवर ते तसंच करत आलेले.

घरी येऊन त्यांनी झोपाळ्यावर बैठक मारली, इअरफोनवरची अक्षरं नीट बघून डावा डाव्यात आणि उजवा उजव्यात घातला, फोनचा आवाज पूर्ण केला आणि डब्याचं बटण उघडलं. अगदी थोडं. एवढ्यातच आवाज कानात मावेना. त्यांनी बटण मागे घेतलं, जवळजवळ बंद होईल इतकं, तेव्हा कुठे सोसवेल असा आवाज आला. आणि काय आवाज! ढोलकीच्या शाईवर पडणारं बोट न् बोट ऐकू येत होतं. मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या. लताबाईंनी ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास. भाऊंचे डोळे भरून आले.

मग त्यांच्या लक्षात आलं की हे सगळं उजवीकडून येतंय.

डाव्या कानात होतं, पण लांबचं. भिंतीपलीकडे कुणी गात असावं तेवढंच. त्यांनी दुसरं गाणं लावलं. तेच. भजन लावलं, बातम्या लावल्या. तेच. बटण थोडं वाढवलं तर दोन्ही कान सारखे होत, पण आवाज इतका होई की इअरफोन ओढून काढावे लागत. हळू आवाज डाव्याला कळत नाही, मोठा कळतो. भाऊ डबा मांडीवर ठेवून बसून राहिले. नानांचं अगदी असंच सुरू झालं होतं. मोठ्याने बोललं की ऐकू यायचं, हळू बोललेलं निघून जायचं.

झालं. त्या संध्याकाळपासून योगराजभाऊ बहिरे व्हायला लागले. म्हणजे कान होता तसाच होता, पण माणसाने एकदा मनात घेतलं की पुराव्याला तोटा नसतो. कुकरची शिट्टी कमी ऐकू येते. भाजीवाल्याने हाक मारली ती कळलीच नाही. फोन आला की ते उजव्या कानाला लावू लागले. रिक्षात डाव्या कडेला बसू लागले, म्हणजे शेजारचा उजवीकडे येईल. जेवायला बसताना ताट उचलून जागा बदलू लागले. लोक बोलत असले की त्यांचे ओठ बघायचे आणि एखादा शब्द निसटलाच तर हसून मान हलवायचे. आपण नानांसारखी मान हलवली हे लक्षात आलं की उठून आत निघून जायचे.

लताबाईंच्या नजरेतून काय सुटतं?

"ओ हेमांगीना पप्पा," त्या एकदा पोळ्या लाटता लाटता घरच्या बोलीत म्हणाल्या, "तुमी आजकाल मना डावा हातलेच काबर बठतस?"

"उजवीकडून ऊन लागस," भाऊ म्हणाले. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण आषाढ सरत आला आणि गल्लीतल्या बायका कानबाईची बोलणी करायला घरी आल्या. गव्हाचं दळण कधी, नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, किती मुठींचे, कोणाकडचे पाहुणे कधी येणार, हे सगळं झालं, आणि एकीने सहज म्हटलं, "आवाजाचं तर भाऊ बघतीलच." भाऊ खाली बघत म्हणाले, "यंदा मला जमायचं नाही. गुडघा दुखतो. दुसरा कुणी सांगा."

बायका गेल्या. गुडघ्याने मिक्सर चालवत नाहीत हे लताबाईंना कळत होतं. त्यांना वाटलं, नवरा आपल्या गाण्याला कंटाळला. इतकी वर्षं तेच ते ऐकून कंटाळा येणारच, आणि आता आपला गळाही पूर्वीसारखा राहिला नाही. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. भाऊंना त्यांचा चेहरा दिसत होता आणि खरं सांगायचं धाडस होत नव्हतं. काय सांगणार? की मी आता तुझा आवाज लावीन आणि मला कळणारही नाही की ढोलकी तुला खाऊन टाकतेय? भर गल्लीत बायकोची फजिती करण्यापेक्षा गुडघा दुखलेला बरा. त्यांनी मिक्सर पुसून, फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. ते काम करताना त्यांना रडू येत होतं, आणि खरंच येत होतं, मी वाढवून सांगत नाही.

श्रावण लागला. एका दुपारी लताबाईंना एका गाण्याचं मधलं कडवं आठवेना. पहिलं येत होतं, शेवटचं येत होतं, मधलं गायब. भाऊ झोपाळ्यावर पेंगत होते.

"तुमना डब्बामा ते गानं व्हई ना? माले लाई द्या बरं."

भाऊंनी गाणं लावून दिलं, बटण नेहमीच्या जागी ठेवलं, जेमतेम उघडलेलं. लताबाईंनी इअरफोन हाताला लागले तसे कानात घातले. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, ओठ हलले, कडवं सापडलं, चेहरा खुलला. मग त्यांनी उजव्या कानात बोट घालून हलवलं.

"हाई काय शे? उजवा कानमा कमीच ऐकू येस. मना उजवा कान गया का काय?"

भाऊ झोपाळ्यावरून उठले. गुडघा दुखणारा माणूस इतक्या चपळाईने उठत नाही.

"कोनता कान?"

"हाऊ. उजवा."

"काढ. काढ ते. देखू दे माले."

त्यांनी इअरफोन हातात घेतले, खिडकीपाशी गेले आणि चष्मा वर करून अक्षरं बघितली. बायकोच्या उजव्या कानातून निघालेल्या इअरफोनवर डाव्याचं अक्षर होतं. लताबाईंनी उलटे घातले होते. भाऊंनीही ते तसेच घातले, उलटे. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. गाणं सुरूच होतं.

लताबाईंचा गळा डाव्या कानात आला. स्वच्छ, भरलेला, श्वासासकट. भिंतीपलीकडे गेला तो उजवा कान.

भाऊ हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. लताबाई घाबरल्या, पाणी आणायला धावल्या. पाणी पिऊन झाल्यावर भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर ज्याला त्याला सांगत आलो, वायरी अदलून बघ, मग तोंड उघड. घरातल्या साध्या पंख्याचं बिघडलं तरी आधी तेच करतो. आणि स्वतःच्या कानाची वेळ आली तेव्हा तेवढंच सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे काय, हिंमतच झाली नाही. अदलाबदल करायची आणि खोट कानातच राहिली तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं, असं आत कुठेतरी वाटत होतं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. कान, नाना, रिक्षा, गुडघा.

"आनि तुमी माले सांगं नही?" लताबाई म्हणाल्या. "मी समजनू, मना गानाना कटाळा उना तुमले."

"येडी शे का तू?" भाऊ म्हणाले. याहून गोड त्यांना बोलता येत नाही, आणि लताबाईंना ते माहीत आहे. त्यांनी डोळे पुसले आणि आधी माळ्यावरून मिक्सर काढा म्हणाल्या.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच भाऊ मार्केटला जाऊन पायरीवर बसले. हितेंद्रने सगळं ऐकलं आणि हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही.

"काका, त्या बटणाच्या आत दोन कानांचे दोन वेगळे मार्ग असतात. अगदी सुरुवातीला ते दोन्ही तंतोतंत सारखे नसतात. बटण जरा पुढे गेलं की सारखे होतात. मोठा हेडफोन लावला तर बटण मधोमध ठेवावं लागतं, मग हे कळतही नाही. तुमचे इअरफोन इतके हलके की तुम्ही कायम दारातच उभे. आत जाताच येत नाही."

"मग उपाय?"

"फोनचा आवाज कमी करून भागेल. पण मग एवढा डबा खिशात कशाला वागवायचा?" त्याने ती बोटाएवढी वस्तू पुन्हा काउंटरवर ठेवली. "ही लावून तर बघा."

या वेळी भाऊंनी ती तोलली नाही. हात पुढे गेला होता, पण त्यांनी तो मागे घेतला. वस्तू फोनला लावली, इअरफोन घातले. आधी नीट, मग उलटे, मग पुन्हा नीट. दोन्ही कान सारखे. हळू आवाजालाही सारखे. बांगड्या होत्या, श्वास होता, सगळं जिथल्या तिथे.

"आणि यात ताकद कुठे असते रे?"

"जेवढी लागते तेवढी आहे, काका."

हितेंद्र भला माणूस, डबा परत घ्यायला तयार झाला. भाऊंनी डबा हातात घेतला, सवयीने जरा तोलला आणि पिशवीत टाकला. "राहू दे," ते म्हणाले. "मला एक चांगला मोठा हेडफोन दाखव. कान पूर्ण झाकेल असा."

लताबाईंचं एवढ्याने समाधान होणार नव्हतं. त्यांनी नवऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलंच. डॉक्टरीणबाईंनी बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले आणि सांगितलं, दोन्ही कान वयाच्या मानाने छान आहेत, आणि सारखे आहेत. भाऊंनी "सारखे?" असं पुन्हा विचारलं, केवळ तो शब्द आणखी एकदा ऐकावा म्हणून. घरी येताना रिक्षात ते मुद्दाम उजव्या कडेला बसले आणि लताबाईंना डावीकडे बसवलं.

त्या रविवारी कानबाई बसली. भाऊंनी सकाळपासून पेट्या इकडच्या तिकडे हलवून सगळ्यांना वैताग आणला. पण संध्याकाळी लताबाईंनी पहिली ओळ घेतली आणि ती गल्लीच्या टोकापर्यंत स्वच्छ गेली. रोट मोडले, खीर झाली, सोमवारी सकाळी बायकांच्या डोक्यावरून कानबाई वाजतगाजत विसर्जनाला गेली. भाऊंनी सगळं फोनात भरून घेतलं होतं आणि आवाज कसा लागला याबद्दल ते स्वतःवर भलतेच खूश होते.

मंगळवारी ते धुळ्याच्या एसटीत बसले. रोट भाऊबंदांतच संपवायचे असतात, बाहेर देत नाहीत, म्हणून पिशवीत केळी होती, तो अँप्लिफायरचा डबा होता आणि तो मोठा हेडफोन.

नाना देवपुरातल्या घरी खुर्चीत बसले होते. योगराजला बघून गोड हसले. भाऊंनी विचारलं, तब्येत कशी आहे? नाना म्हणाले, "ये, ये, बस." भाऊंनी विचारलं, जेवण झालं का? नानांनी मान डोलवली आणि म्हणाले, "हा, पाऊस बराच शे." मुलाने आणलेलं कानाचं मशीन कपाटावर पडून होतं. त्याबद्दल नाना मागेच बोलले होते, "ते मशीन बठ्ठंच मोठं करस. भांडाबी आनि हॉर्नबी. माले नको."

भाऊंनी हेडफोन नानांच्या कानांवर बसवला. नाना ओशाळल्यासारखे हसत बसून राहिले, माणसाचा मान ठेवायचा म्हणून. भाऊंनी बटण पार मागे नेलं, कानबाईचं गाणं लावलं आणि नानांसमोर उकिडवे बसून, त्यांच्या तोंडाकडे बघत, बटण हळूहळू फिरवायला लागले. काही नाही. नाना मान डोलवत होते, ढोलकीला सोडून. आणखी थोडं. इअरफोनच्या वेळी जिथे कानठळ्या बसल्या होत्या ती जागा गेली. आणखी थोडं. बटण मध्यावर आलं.

नानांची मान थांबली. चेहऱ्यावरचं ते नेहमीचं गोड हसू पुसलं गेलं आणि कपाळाला आठी पडली. भाऊ घाबरले, त्यांना वाटलं कानाला त्रास झाला. ते बटण मागे घेणार इतक्यात नानांचा उजवा हात मांडीवरून उठला. एक बोट वर झालं.

भाऊंनी वाढवलं. बोट वरच राहिलं. त्यांनी आणखी जरासं वाढवलं.

नानांनी तळवा आडवा धरला.

भाऊंनी बटणावरून हात काढला. त्यांना पुढचं नीट दिसेना. नाना डोळे मिटून ऐकत होते, आणि मान डोलत होती ती ढोलकीच्या थापेवर, बरोबर समेवर. गाणं संपेपर्यंत दोघेही हलले नाहीत. संपल्यावर नानांनी डोळे उघडले, हेडफोन एका बाजूने सरकवला आणि जुन्या, मांडवातल्या दमदार आवाजात म्हणाले, "योग्या, ढोलकी जास्त व्हई गयी रे. लताना आवाज दबी गया."

योगराजभाऊंनी बायकोचा आवाज यंदा इतका छान लावला होता की गल्लीने वाहवा केली होती. त्यांनी दोन्ही कान पकडले.

"चुकनं नाना," ते मोठ्याने म्हणाले. "पुढला साल कमी ठेवसू."

"हा," नाना म्हणाले, "आनि आते दुसरं लाव."